थायलंडांतील कन्या आणि विवाहपूर्व संयम

(नभोवाणीवरील भाषण)

थायलंडची भाषा आपणांपैकीं बहुतेकांना अपरिचित आहे. परंतु तिच्यांतले कांहीं शब्द कानांवर पडले, तर आपल्याच घरचें माणूस परक्या पोशाखांत समोर आल्यासारखें वाटतें. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, त्याचा मुख्य शब्द अशांपैकींच एक आहे. जिचा पुरुषाशीं शरीरसंबंध आलेला नाहीं अशा मुलीला थायी भाषेंत ‘फ्रोम्माचारी’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला ‘ब्रह्मचारी’. ब्रह्मचारी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गुरुगृहीं राहणारा बटु उभा राहतो. थायलंडांतहि विहारांतील भिक्षूच्या व्रतस्थ जीवनाला ब्रह्मचर्यच म्हणतात. परंतु विहाराच्या भिंतीबाहेर हा शब्द येऊन चिकटला तो मुलीच्या कौमार्याला. किंबहुना शरीरशास्त्राच्या पुस्तकांत योनिपटलाला जें नांव दिलेलें आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘ब्रह्मचर्याचें पटल’ असा होतो. हें पटल म्हणजे कौमार्याचा पुरावा नव्हे, असें वैद्यकशास्त्रानें स्पष्ट सांगितलें आहे. तरी शब्द टिकून आहे. एका शब्दाच्या या प्रवासांतच आजच्या विषयाचें पुष्कळसें मर्म सांठविलेलें आहे.

थायलंडचें नांव निघालें म्हणजे परदेशीं प्रवाशांच्या बोलण्यांत बँकॉकच्या रात्रीच्या बाजाराचें वर्णन हटकून येतें, आणि ऐकणाराची अशी समजूत होते कीं त्या देशांत स्त्रीपुरुषसंबंधाला कांहीं धरबंधच नसावा. ही समजूत अगदीं चुकीची आहे. सर्वसामान्य थायी घरांत वाढणाऱ्या मुलीला लहानपणापासून जो उपदेश ऐकावा लागतो, तो आपल्या आजीच्या तोंडचा वाटावा इतका ओळखीचा आहे. ‘राक न्वन, सङ्वन तुआ’ असें त्याचें प्रसिद्ध सूत्र आहे. अंगावरच्या कोवळ्या कांतीची माया धर आणि स्वतःला राखून ठेव, असा त्याचा भावार्थ. ज्या मुलीला हा धीर राहिला नाहीं तिच्याविषयीं, फळ गदरण्याच्या आधींच पिकें तोडावयास धांवली, अशा अर्थाची म्हण वापरतात. मग त्या देशांतील तरुण मुलगी लग्नापूर्वीं संयम पाळावयाचा कीं नाहीं हें ठरवते, तेव्हां तिच्या मनांत नेमकें कोण बोलत असतें? धर्म, आई, राजदरबारचा कवि, शाळेंतली बाई, कीं कारखान्यांतली मैत्रीण? या प्रश्नाचा थोडा शोध घेऊं.

आरंभीं आणखी एक शब्द पाहूं. ‘सिआ’ हा थायी भाषेंतला मोठा बहुरूपी शब्द आहे. घड्याळ बिघडलें तर तें ‘सिआ’. चारचौघांत तोंड दाखवावयास जागा उरली नाहीं तर ‘सिआ ना’, कारण ‘ना’ म्हणजे तोंड. आणि सरकारचा कर भरणें म्हणजेहि ‘सिआ’च. बिघडणें, गमावणें आणि भरणा करणें हे तिन्ही अर्थ त्यांत आहेत. मुलीच्या पहिल्या शरीरसंबंधाला ‘सिआ तुआ’ म्हणतात. ‘तुआ’ म्हणजे देह, आणि ‘तुआ’ म्हणजे आपण स्वतःहि. म्हणजे त्या एका प्रसंगानें मुलगी देह गमावते, आणि त्याबरोबर स्वतःलाहि गमावते, असा भाव त्या शब्दांत आहे. आतां मुलाच्या बाबतींत काय म्हणतात पहा. त्याच्या पहिल्या अनुभवाला ‘खुन ख्रू’ हें नांव आहे. ‘ख्रू’ म्हणजे गुरु. शिष्यानें विद्यारंभीं गुरुवंदन करून दीक्षा घ्यावयाची, त्या विधीचें हें नांव विनोदानें इकडे आणलेलें आहे. मागच्या पिढ्यांत ही दीक्षा पुष्कळदां मित्रांच्या सोबतीनें वेश्यागृहांत होत असे. एकच घटना, परंतु मुलाच्या बाबतींत ती विद्यारंभ ठरते, आणि मुलीच्या बाबतींत सर्वस्व गमावणें ठरते.

हा भेद आला कोठून? अनादि काळापासून तो असाच असेल, असें आपण सहज गृहीत धरतों. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. आग्नेय आशियाचे इतिहासकार अँथनी रीड यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, पंधराव्या ते सतराव्या शतकांत या सर्व प्रदेशांत विवाहपूर्व संबंधांकडे समाज बऱ्याच सौम्य दृष्टीनें पाहत असे, आणि लग्नाच्या वेळीं कौमार्याची अपेक्षा सामान्यतः केली जात नसे. धान्याची पेरणी, बाजारहाट आणि घराची मालकी यांत स्त्रीचा मोठा वांटा होता, हें त्याचें एक कारण. म्हणजे आज जी परंपरा म्हणून सांगितली जाते तिच्यांत निरनिराळ्या काळांचे थर एकावर एक बसलेले आहेत. ते एकेक करून उचलून पाहिले पाहिजेत.

सर्वांत खालचा थर घराचा आणि पितरांचा आहे. उत्तरेकडील लान्ना प्रदेशांत कुळाच्या रक्षक आत्म्यांची, म्हणजे ‘फी’ची, पूजा आईकडून मुलीकडे चालत येते. लग्नानंतर जावई सासुरवाडीस राहावयास येई, आणि बहुधा धाकट्या मुलीकडे आईबापांचें घर व त्यांचा सांभाळ या दोन्ही गोष्टी जात. अशा घरांत मुलगी हें परक्याचें धन नसून कुळाचा खांब असते. तेव्हां एखाद्या तरुणानें परवानगीवांचून तिच्या अंगास हात लावला, तर अपराध केवळ तिचा होत नसे. घरच्या आत्म्यांचा होत असे. त्यास ‘फित फी’ म्हणत. तो उघडकीस आला कीं तरुणाच्या घरच्यांनीं दंड भरून आत्म्यांना नैवेद्य द्यावयाचा. पुष्कळदां प्रकरणाचा शेवट लग्नांत होई. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या जुन्या रीतींत भरपाई मुलाकडून घेतली जाई, आणि ती भरली कीं घराचें व मुलीचें नांव पुन्हां स्वच्छ होई.

त्याच समाजांत तरुण-तरुणींना एकमेकांशीं बोलण्याची मोकळीकहि होती. ईशान्येकडील प्रदेशाचें नांवच मुळीं ‘ईसान’, म्हणजे आपलें ‘ईशान’, आहे. तेथें हिंवाळ्यांतल्या रात्रीं अंगणांत शेकोटी पेटवून मुली सूत कांतावयास बसत, आणि गांवचे तरुण ‘खेन’ नांवाचा बांबूचा पांवा वाजवीत तेथें येऊन त्यांच्याशीं पद्यांत सवालजबाब करीत. उत्तरेकडे असेच तरुण संध्याकाळीं मुलीच्या ओसरीवर गप्पा मारावयास येत. आईबाप आंत निजलेले असत. निदान निजल्यासारखे पडून असत. भेटावयास बंदी नव्हती; भेटीची जागा घराच्या नजरेच्या टप्प्यांत होती एवढेंच. संयमाला येथें ओसरीचा आधार होता. पुढें मुली गांव सोडून शहरांत गेल्या, तेव्हां ही ओसरी मागें राहिली, हें आपणांस पुढें दिसेल.

दुसरा थर बौद्ध धर्माचा. पंचशीलांतील तिसरें शील कामविषयक दुराचरणापासून दूर राहण्याचें आहे. परंतु त्याचा जुना अर्थ पाहूं लागलों तर नवल वाटतें. पालि ग्रंथांत हा नियम पुरुषाला उद्देशून सांगितलेला आहे, आणि त्यानें कोणत्या स्त्रियांपासून दूर राहावें याची यादी दिलेली आहे: आईनें रक्षिलेली, बापानें रक्षिलेली, भावानें, बहिणीनें वा आप्तांनीं रक्षिलेली, जिला पति आहे ती, आणि अशा इतर. म्हणजे दोष घडतो तो रक्षणकर्त्यांचा विश्वास मोडल्याचा. कौमार्य नांवाची एखादी पवित्र वस्तु देवापुढें जपून न्यावयाची आहे, ही कल्पना त्यांत नाहीं. म्हणूनच थायी मुलीच्या संयमाचा धार्मिक पाया शोधतांना पापभयाकडे न पाहतां ऋणाकडे पाहिलें पाहिजे.

हें ऋण म्हणजे ‘बुन खुन’. ‘बुन’ म्हणजे पुण्य आणि ‘खुन’ म्हणजे गुण. आईबापांनीं जन्म दिला, वाढविलें, हा त्यांचा उपकार. आणि तो स्मरून वागणारें मूल ‘कतन्यू’, म्हणजे कृतज्ञ. आपल्याकडे आईबापांचे पांग फेडणें म्हणतात, तीच ही भावना. परंतु पांग फेडण्याचे मार्ग मुलाला आणि मुलीला सारखे नाहींत. मुलगा थोडे दिवस कां होईना चीवर धारण करून भिक्षु होतो, आणि त्याच्या पिंवळ्या वस्त्राचा पदर धरून आई स्वर्गास जाते अशी श्रद्धा आहे. एका पावसाळ्याच्या वर्षावासानें त्याचें मोठें ऋण फिटलें. मुलीला हा मार्ग मोकळा नाहीं. १९२८ सालीं संघराजांनीं काढलेल्या आज्ञेनें भिक्षूंनीं स्त्रियांना दीक्षा देण्याची मनाई केली, आणि थायलंडचा अधिकृत संघ भिक्षुणींना आजहि मान्यता देत नाहीं. मग मुलीनें ऋण फेडावें कसें? रोजच्या वागणुकीनें: आजारी आईची शुश्रूषा करून, मिळविलेला पैसा घरीं पाठवून, आणि घराची मान खालीं जाईल असें कांहीं न करून. तिचें ऋण एका विधीनें फिटत नाहीं. तें जन्मभर हप्त्याहप्त्यानें फेडावयाचें असतें, आणि विवाहपूर्व संयम हा त्यांतला एक हप्ता असतो.

या ऋणाचा हिशेब लग्नाच्या वेळीं उघड मांडला जातो. वराकडून वधूच्या आईबापांना जें धन मिळतें त्यास ‘सिन सॉत’ म्हणतात. देशाच्या दिवाणी कायद्यांतहि त्यास स्थान आहे. लोकांच्या तोंडीं त्याचें दुसरें नांव आहे ‘खा नाम नोम’, म्हणजे दुधाचें मोल: आईनें पाजलेल्या दुधाची परतफेड. नांव मोठें हृद्य आहे. पण व्यवहारांत ही रक्कम मुलीचें शिक्षण, घराणें, रूप आणि लौकिक पाहून ठरते. मुलगी आधीं संसार करून आलेली असली किंवा तिला मूल असलें, तर रक्कम बरीच उतरते किंवा मुळींच मिळत नाहीं. लग्नमंडपांत नोटा आणि सोनें पाहुण्यांसमोर मांडून ठेवण्याची चाल असल्यामुळें, आईच्या दुधाचें मोल काय झालें हें सगळ्या गांवाला दिसतें. पाऊल वांकडें पडलें तर आईला काय वाटेल, या मुलीच्या धास्तीमागें हें सारें उभें असतें.

तिसरा थर राजदरबारानें आणि नंतर शाळेनें घातला. बँकॉकच्या वट फो या प्रसिद्ध विहारांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नाना विद्यांचे पाठ शिळांवर कोरण्यांत आले. त्यांसाठीं परमानुजितजिनोरस या राजकुलोत्पन्न भिक्षुकवीनें रचलेल्या एका काव्यांत पत्नीधर्माचा उपदेश करणारी स्त्री आहे कृष्णा, म्हणजे आपली द्रौपदी! ती आपल्या धाकट्या बहिणीला पतीशीं कसें वागावें हें समजावून सांगते. पांच पतींची द्रौपदी सयामी दरबारांत कुलस्त्रियांची अध्यापिका व्हावी, हा कथांच्या प्रवासांतला विलक्षण योग आहे. महाकवि सुनथॉन फू यांच्या नांवावर परंपरेनें चालत आलेलें ‘सुभाषित सॉन यिङ’, म्हणजे स्त्रियांना उपदेश, हें पद्यहि मुलीनें चालावें कसें, बोलावें कसें, पाहावें कसें याचे धडे देतें. या साहित्यानें जी आदर्श स्त्री घडविली तिचें नांव ‘कुन्लासत्री’, म्हणजे कुलस्त्री. आपल्या बोलींत घरंदाज बाई. तिच्या उलट उदाहरणासाठीं वान्थोङची कथा आहे. खुन चांग आणि खुन फेन या दोघां पुरुषांच्या ओढाताणींत सांपडलेल्या या स्त्रीला, दोघांपैकीं एकाची निवड करतां आली नाहीं म्हणून राजा मृत्युदंड देतो. अनेक स्त्रियांशीं संसार मांडणारा खुन फेन मात्र कथेचा नायक राहतो, आणि ‘दोन मनांची वान्थोङ’ हा शब्दप्रयोग आजहि शिवीसारखा वापरला जातो.

ही कुन्लासत्री प्रथम दरबारी आणि सरदारी घराण्यांतली होती. शेतांत राबणाऱ्या स्त्रीला तसें वागणें परवडणारें नव्हतें. ती खालपर्यंत पोंचली ती नव्या शिक्षणामुळें. १८७४ सालीं अमेरिकन मिशनरी बाईंनीं बँकॉकमध्यें मुलींची शाळा काढली, तिचें नांवच पुढें ‘कुन्लासत्री वाङ लाङ’ असें रूढ झालें. १९०४ सालीं राणी सावभा यांनीं ‘राजिनी’ ही शाळा स्थापिली. दरबारचा जुना उपदेश आणि पश्चिमेकडची तत्कालीन सोंवळी नीति यांचा या शाळांतून मिलाफ झाला, आणि घरंदाजपणा हा शिकण्याचा विषय बनला. याच काळांत कायदा दुसऱ्या बाजूनें मुलीला मोकळी करीत होता, हेंहि सांगितलें पाहिजे. १८६५ सालीं अम्देङ म्वन नांवाच्या एका सामान्य मुलीनें, आईबाप आपणांस नको त्या पुरुषाच्या गळ्यांत बांधीत आहेत, अशी फिर्याद थेट मोंकुट राजापुढें नेली. आईबाप हे गुराढोरांच्या धन्यासारखे मुलांचे मालक नव्हेत, असा राजाच्या निकालाचा आशय होता, आणि मुलीला तिच्या मनाजोगता पति मिळाला. १९३५ सालीं कायद्यानें बहुपत्नीत्व रद्द झालें. निवड करण्याचा हक्क आणि निवडीपूर्वीं तोंड मिटून बसण्याचा उपदेश, हे दोन्ही धडे एकाच शतकांत थायी मुलीला मिळाले.

दक्षिणेकडील पत्तनी, याला आणि नराथिवात या प्रांतांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील बहुसंख्य लोक मलायी भाषा बोलणारे मुसलमान असून, विवाहबाह्य संबंध हा त्यांच्या धर्मांत स्पष्ट निषिद्ध आहे, आणि तो स्त्री व पुरुष दोघांनाहि. तेथें संयमाची भाषा ऋणाची असण्यापेक्षां ईश्वराज्ञेची आहे. व्यवहारांत तेथेंहि नजर मुलीवरच अधिक असते, हें निराळें सांगावयास नको.

आतां या सर्वांतला सर्वांत कठीण भाग सांगतों. मुलींना घरांत सांभाळावयाचें आणि मुलांना मोकळें सोडावयाचें, तर मुलांनीं जावें कोठें? समाजानें त्याचें उत्तर वेश्यागृहांत शोधलें. घरंदाज मुलींचें कौमार्य ज्या भिंतीआड सुरक्षित राहिलें, ती भिंत दुसऱ्या मुलींच्या देहांची होती. आणि त्या दुसऱ्या मुली कोण होत्या? अर्थशास्त्रज्ञ पासुक फोंगपाइचित यांनीं १९८२ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत बँकॉकच्या मर्दनगृहांतील स्त्रियांची हकीकत दिली आहे. त्या उत्तरेच्या आणि ईशान्येच्या गरीब शेतकऱ्यांच्या मुली होत्या. त्या घरीं नियमानें पैसे पाठवीत. त्यांच्या कमाईंतून आईबापांचीं घरें उभीं राहत, भावंडें शिकत. म्हणजे त्याहि पांगच फेडीत होत्या! ज्या कृतज्ञतेनें एका मुलीला संयम पाळावयास लावलें, त्याच कृतज्ञतेनें दुसरीला त्या बाजारांत पाठविलें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे केवळ शील आणि दुःशील अशा दोन खणांत थायी मुलींची वांटणी करणें किती उथळ आहे तें कळून येतें. दोघींच्याहि निर्णयांत आई होती आणि घर होतें; कमी होती ती स्वतःच्या मर्जीला जागा.

१९७० नंतरच्या दशकांत कापडाच्या आणि विजेच्या सामानाच्या कारखान्यांनीं लाखों खेडवळ मुलींना बँकॉककडे ओढलें. मानववंशशास्त्रज्ञ मेरी बेथ मिल्स यांनीं १९९९ सालच्या आपल्या ग्रंथांत ईसानमधून आलेल्या अशा कामगार मुलींच्या मनाची ओढाताण वर्णिली आहे. त्यांना कृतज्ञ लेक राहावयाचें होतें, आणि ‘थान सामाय’हि व्हावयाचें होतें. ‘सामाय’ म्हणजे आपला ‘समय’. समयाच्या बरोबरीनें चालणारी ती ‘थान सामाय’. पगार घरीं पाठवावा कीं नवे कपडे घ्यावे, मित्राबरोबर समुद्रकांठीं जावें कीं खोलींत बसावें, असे प्रश्न रोज पुढें येत. गांवीं ओसरी होती, आंत निजलेले आईबाप होते, दंड मागणारे आत्मे होते. शहरांतल्या भाड्याच्या खोलींत यांपैकीं कांहींच नव्हतें. तेथें फसवून गेलेल्या तरुणाकडून भरपाई मागणारें कोणी उरलें नाहीं. बोल मात्र मुलीकडे तसाच राहिला. म्हणून कांहीं मुलींनीं आईचा उपदेश अधिकच घट्ट धरला. तो त्यांना जुना वाटत नव्हता. एकटीच्या संरक्षणाचें तेंच एक साधन हाताशीं होतें.

दूरचित्रवाणीवरील मालिकांनीं हा उपदेश घरोघर चालूं ठेवला. तेथील कथानकांत सोज्वळ नायिका आणि मोहांत पाडणारी खलनायिका यांची जोडी ठरलेली असते. आणि पुष्कळ वर्षें अशाहि कथा लोकप्रिय होत्या, ज्यांत नायक नायिकेवर बळजबरी करतो व शेवटीं तिच्याशींच विवाह करून सर्व गोड होतें. या प्रकारावर अलीकडे तेथें कडक टीका झाली, आणि ती योग्यच होती. मुलीनें स्वतः होकार दिला तर ती वाईट, आणि तिच्यावर जुलूम झाला तरच ती निष्पाप, असा धडा अशा कथेंतून मिळतो. ज्या मुलीला ‘हो’ म्हणण्याची मुभा नाहीं, तिच्या ‘नाहीं’लाहि मग कोणी खरें मानीत नाहीं.

या मौनाची किंमत काय पडली, तें दोन प्रसंगीं दिसून आलें. पहिला प्रसंग एड्सच्या सांथीचा. १९९१ पासून सरकारनें वेश्यागृहांत निरोधाचा वापर देशभर सक्तीचा केला. त्यामुळें रोगाची लागण झपाट्यानें उतरली आणि पुरुषांचें तेथें जाणेंहि पुष्कळ कमी झालें. परंतु त्यापुढच्या पिढीच्या तरुणांचे संबंध आपल्याच ओळखीच्या मुलींशीं येऊं लागले, आणि या मुलींजवळ उपदेश होता, माहिती नव्हती. निरोध जवळ बाळगणारी मुलगी ती कसली घरंदाज, या भीतीनें ठाऊक असलेली गोष्टहि बोलली जात नसे. दुसरा प्रसंग अल्पवयीन मातृत्वाचा. २०१२ च्या सुमारास पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर हजार मुलींमागें पन्नासांहून अधिक बाळंतपणें होत होतीं. शाळेंत लैंगिक शिक्षण १९७८ पासून होतें. पण २०१६ सालीं युनिसेफ व महिडोल विद्यापीठ यांच्या सहकार्यानें झालेल्या पाहणींत असें दिसलें कीं, शिकविण्याचा भर शरीररचना आणि दुष्परिणाम यांवर असून, परस्परसंमति, स्त्रीपुरुषसमता आणि मुलींचे हक्क यांविषयीं फारसें बोललें जात नाहीं.

त्याच २०१६ सालीं थायलंडनें एक महत्त्वाचा कायदा केला. दहा ते वीस वर्षांच्या आंतील मुलामुलींना या विषयाची माहिती, आरोग्यसेवा आणि गुप्ततेची हमी मिळण्याचा हक्क त्यानें दिला. गरोदर विद्यार्थिनीला शिक्षण चालूं ठेवतां येईल अशी तजवीज केली. २०२१ सालीं बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात स्त्रीच्या इच्छेनुसार कायदेशीर ठरला. २०२२ पर्यंत अल्पवयीन बाळंतपणांचें प्रमाण २०१२ च्या निम्म्याहून खालीं आलें. दरवर्षीं फेब्रुवारीच्या चौदा तारखेस, प्रेमिकांच्या दिवशीं, मुलींच्या शीलाविषयीं चिंता व्यक्त करणारीं वृत्तें तेथें अजून छापून येतात. पण त्यांच्याच शेजारीं आतां मोफत निरोधवाटपाचीहि बातमी असते.

मग आजची थायी मुलगी संयम पाळते कीं नाहीं, असें कोणी विचारील. कांहीं पाळतात, कांहीं पाळीत नाहींत, आणि पुष्कळजणी लग्न ठरलेल्या मित्राच्या बाबतींत एक नियम व इतरांच्या बाबतींत दुसरा, असा मधला मार्ग काढतात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. समजा, तीन मुली सारख्याच संयमानें राहत आहेत. पहिली म्हणते, आईला खालीं पाहावें लागेल म्हणून. दुसरी म्हणते, पदवी हातीं येईपर्यंत मला हा धोका नको. तिसरी कांहींच म्हणत नाहीं. तिला दुसरें कांहीं शक्य आहे हेंच कोणी सांगितलेलें नाहीं. बाहेरून तिघींचें वर्तन एक. परंतु पहिलीनें आणि दुसरीनें निर्णय घेतला आहे, तिसरीच्या वतीनें तो इतरांनीं घेतला आहे. उद्यां कोणी गोड बोलून वा धमकावून तिला मोडूं पाहील, तेव्हां तिसरीजवळ उभें राहावयास पायाखालीं जमीन नसेल. मुलीला अज्ञानांत ठेवून तिचें रक्षण होतें, हा समज थायलंडच्या अनुभवानें खोटा ठरविला आहे. आणि माहिती दिली म्हणजे ती आईला विसरते, ही भीतिहि त्या अनुभवांत खरी ठरलेली नाहीं.

आईच्या दुधाचें मोल कोणत्याहि मुलीला फेडतां येत नाहीं, हें थायी मातांनाहि ठाऊक आहे. त्यांतल्या ज्या माता आज लेकीला जवळ बसवून, पूर्वीं जे शब्द उच्चारणेंहि अशक्य होतें, त्या शब्दांत समजावून सांगतात, त्या जुनी ओसरीच नव्या घराला जोडीत आहेत, असें मला वाटतें. तेथें बोलणें मोकळें होतें आणि आईबाप जवळ होते. आणि मुलगा घरीं आला, तर त्यालाहि त्या ओसरीवर बसवून ब्रह्मचर्य हा शब्द मुळांत कोणासाठीं होता याची आठवण करून द्यावी. तसें झालें, तर त्या परदेशीं गेलेल्या आपल्या शब्दाला त्याचा अर्धा हरवलेला अर्थ परत मिळेल.